दोन्हीकडे सॉलिड एक्सल, कॉइल स्प्रिंग: ५० मिमी लिफ्टमध्ये स्प्रिंग-शॉकखेरीज काय काय बदलावं लागेल?

कातळवाट:
लॅडर चासीची छोटी फोर-बाय-फोर आहे. पुढे-मागे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक एक्सल), कॉइल स्प्रिंग, रेडियस आर्म (एक्सलला चासीशी जोडणारे लांब दांडे) आणि प्रत्येक एक्सलला एक पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा). व्हीलबेस २२५० मिमी, टायर १९५/८० आर १५. वापर असा की डांबरी रस्त्याने लांब जायचं आणि मग खडक, घळी, ओढ्याचे दगड, सगळं लो रेंजमध्ये सावकाश. दोन अडचणी येतात. खोल चरात कर्णातली दोन चाकं हवेत जाऊन फिरतात, आणि पोट घासतं. पुढे विंच आणि स्टीलचा बंपर लावायचा आहे, मिळून ८० किलो जास्तीचं वजन होईल.

५० मिमी लिफ्टचा, म्हणजे गाडी तेवढी उंच करण्याचा संच मिळतोय: चार स्प्रिंग, चार शॉक. पुढच्या स्प्रिंगचा रेट (एक मिमी दबायला लागणारं बल) २५ न्यूटन प्रति मिमी, मूळ स्प्रिंगचा २०. त्याच कंपनीची ३० वाली जड स्प्रिंगही आहे.

मोजून ठेवलेले आकडे (पुढचे): शॉकची लांबी गाडी सपाटीवर उभी असताना ४२५ मिमी, बम्प स्टॉप (एक्सलला वर येताना अडवणारं रबर) पूर्ण दबल्यावर ३५०, पूर्ण लोंबल्यावर ५१५. नवा शॉक बंद ३५५, उघडा ५७०. पॅनहार्ड रॉड ८०० मिमी, दोन टोकांच्या उंचीत ९० मिमी फरक. एक्सलच्या मध्यापासून रेडियस आर्मच्या चासीकडच्या बुशपर्यंत ८५० मिमी. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललेला आहे तो कोन) साडेतीन अंश. पुढच्या दोन्ही स्प्रिंगवर मिळून साधारण ४८० किलो येतं.

२५ घ्यावी की ३०? मूळ स्प्रिंगवर नुसते स्पेसर टाकून भागेल का? आणि कॅस्टर, प्रोपेलर शाफ्ट यांचं काय करायचं?

नटबोल्ट:
आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सॉलिड एक्सलच्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने चासी आणि पोट वर जातं, डिफरन्शियल जिथल्या तिथे राहतं. डिफरन्शियल उचलतो फक्त टायर. १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी, २१५/७५ आर १५ चा ७०३, २३५/७५ आर १५ चा ७३३. म्हणजे २३५ टाकला तर डिफरन्शियल २० मिमी वर येईल, पण गिअरिंग जवळपास ६ टक्के लांब होईल आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३च्या वर असेल.

तुमची पहिली अडचण उंचीची नाही, फ्लेक्सची, म्हणजे एक्सल किती वाकडा होऊ शकतो याची आहे. चाक हवेत जातं कारण ते आणखी खाली लोंबू शकत नाही. म्हणून संचाच्या खोक्यावरच्या '५० मिमी'पेक्षा शॉकची एकूण चाल महत्त्वाची. आत्ता ती ५१५ वजा ३५०, म्हणजे १६५ मिमी आहे: वर ७५, खाली ९०. नुसते ५० मिमीचे स्पेसर टाकलेत तर उभी लांबी ४७५ होईल, वर १२५ उरतील आणि खाली फक्त ४०. पोट घासायचं कमी होईल, चाक मात्र आधीपेक्षा लवकर हवेत जाईल, आणि रस्त्यावरच्या साध्या खड्ड्यातही शॉक पूर्ण उघडून 'टक' असा दणका देईल. लांब शॉकशिवाय स्पेसर टाकूच नका.

आता रेट. ८० किलो पुढच्या एक्सलवर ८० म्हणून पडत नाहीत, कारण बंपर एक्सलच्या पुढे लटकतो. वजनाचा मध्य एक्सलच्या ७०० मिमी पुढे धरला तर ८० × (२२५० + ७००) ÷ २२५०, म्हणजे सुमारे १०५ किलो पुढे वाढतात आणि मागचे २५ कमी होतात. दर स्प्रिंगवर २४०चे २९२ किलो झाले.

२९२ किलो म्हणजे २८६५ न्यूटन. २५ची स्प्रिंग त्याखाली ११५ मिमी दबेल, ३०ची ९६. हा दबलेला भाग म्हणजेच चाक लोंबताना स्प्रिंगकडे असलेली शिल्लक. नवा शॉक ५७०पर्यंत उघडतो आणि लिफ्टनंतर उभी लांबी ४७५, म्हणजे चाक ९५ मिमी लोंबवायचं असेल तर २५ची स्प्रिंग शेवटपर्यंत २० मिमीने दबलेली राहते. ३०ची अगदी काठावर येते. विंच न लावता ३० वापरलीत तर ती ७८ मिमीच दबते, मग शेवटचे १७ मिमी स्प्रिंग बैठकीतून मोकळी होऊन खुळखुळते. परत बसताना ती खोबणीत नीट बसेलच असं नाही. कडक स्प्रिंग म्हणजे मजबूत गाडी ही समजूत खडकावर अशी अंगाशी येते.

हेलकाव्याचाही हिशोब बघा. मूळ गाडीत २०ची स्प्रिंग आणि २४० किलो, नैसर्गिक वारंवारता १.४५ हर्ट्झ. २५ आणि २९२ किलो घेतलं तर १.४७, म्हणजे गाडी पहिल्यासारखीच वाटेल. ३० आणि २९२ किलोला १.६१. २५च घ्या.

विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: ५० मिमी उंची कोणत्या वजनाला मिळते? मूळ वजनाला असेल तर विंच बसताच पुढची बाजू २० मिमीने बसेल आणि लिफ्ट ३० मिमीच उरेल. पुढे खाली, मागे वर अशा उभ्या गाडीचा कॅस्टर आणखी अर्धा अंश जातो. काही याद्यांत रेट पाउंड प्रति इंचात देतात, त्याला ०.१७५ने गुणलं की न्यूटन प्रति मिमी मिळतो.

शॉकबद्दल एवढंच की स्प्रिंग आणि वजन दोन्ही वाढल्यावर डॅम्पिंगही साधारण २३ टक्के जास्त लागतं, विशेषतः उघडताना. म्हणून जुने शॉक लांब करून घेण्यात अर्थ नाही. शॉक त्याच स्प्रिंगसाठी जुळवलेला हवा.

मागेपुढे_आरी:
रेटच्या हिशोबाशी सहमत. मी भूमितीबद्दल लिहितो.

कॅस्टर: तुमच्याकडे रेडियस आर्म एक्सलला दोन बुशांनी घट्ट धरलेला आहे, त्यामुळे आर्म जेवढा फिरतो तेवढा एक्सलही फिरतो. चासीकडचं टोक ५० मिमी वर गेलं, आर्म ८५० मिमी, म्हणजे ३.४ अंश. साडेतीनातून ते गेले की उरलं जवळजवळ शून्य. गाडी सरळ रस्त्यावर इकडेतिकडे ओढते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, ब्रेक दाबला की दिशा शोधत बसते. हे दुरुस्त केल्याशिवाय गाडी मोठ्या वेगाने रस्त्यावर नेऊ नये.

उपाय तीन. एक, एक्सलकडच्या बाजूला मध्याबाहेर भोक असलेले ऑफसेट बुश. यातून दोन-अडीच अंश परत मिळतात. दोन, आर्मचं चासीकडचं टोक खाली आणणारे ड्रॉप ब्रॅकेट. भूमिती जवळपास मूळची होते, पण ब्रॅकेट खाली लोंबतं आणि दगडाला अडकतं. तीन, कोन बदलून बनवलेले नवे आर्म. ५० मिमीला ऑफसेट बुश पुरतात, खडकात जाणाऱ्या गाडीला ब्रॅकेट मी सुचवणार नाही. बुश प्रेसमध्ये बसवताना खूण कोणत्या दिशेला आहे ते दोनदा बघा. उलटा बसला तर कॅस्टर वाढायच्या ऐवजी तेवढाच आणखी जातो. आणि दोन्ही बाजूंच्या खुणा एकसारख्या असायला हव्यात, नाहीतर एक्सल पिळलेला राहतो.

पॅनहार्ड: टोकांमधला फरक ९०चा १४० झाला की एक्सल ७ मिमी बाजूला सरकतो, रॉड चासीला जिथे बांधलाय त्या बाजूला. मागच्या रॉडचं चासीकडचं टोक विरुद्ध बाजूला असेल तर मागचा एक्सल उलटीकडे सरकेल आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या रेषेत १४ मिमी फरक पडेल. लांबी बदलता येणारा रॉड घेऊन तो ७ मिमी लांब करायचा. ओळंबा सोडून दोन्ही बाजूंना चासीपासून चाकापर्यंतचं अंतर सारखं आलं की झालं.

इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड एकमेकांना समांतर आणि साधारण एका लांबीचे असतात, म्हणून चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप वळत नाही. लिफ्ट केल्यावर दोन्ही सारखेच तिरके होतात आणि नातं टिकतं. पण तुम्ही रॉड ७ मिमी लांब करून एक्सल मध्यावर आणलात की ड्रॅग लिंकही तितकीच लांब करावी लागते, नाहीतर सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसेल. ते ड्रॅग लिंकच्या स्लीव्हनेच सरळ करा. स्टिअरिंग व्हील काढून दुसऱ्या दातावर बसवू नका. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सरला वाटतं की तुम्ही सतत वळताय, आणि ती मधेच ब्रेक मारते. टो (पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) मात्र बदलत नाही, कारण टाय रॉड एक्सलवरच्या एका नकलपासून (चाकासकट वळणारा भाग) दुसऱ्यापर्यंत आहे, चासीशी त्याचा संबंध नाही.

पॅनहार्डचं एक्सलकडचं ब्रॅकेट उंच करणारे तुकडेही मिळतात. ड्रॅग लिंक तशीच ठेवून एकटं ते लावलं तर समांतरपणा मोडतो आणि प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं.

प्रोपेलर शाफ्ट: आधी शाफ्ट कोणता ते बघा. दोन्ही टोकांना साधा क्रॉस जॉइंट असेल तर ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर वाटून देणारी पेटी) दांडा आणि पिनियन (डिफरन्शियलमध्ये शिरणारा दांडा) एकमेकांना समांतर हवेत, एक अंशाच्या आत. तसं असलं की एका जॉइंटची वेगातली चढउतार दुसरा जॉइंट खोडून काढतो. लिफ्टने रेडियस आर्मच्या गाडीत पिनियनचं नाक वर फिरतं, तुमच्याकडे ३.४ अंश, आणि समांतरपणा तेवढाच बिघडतो. कॅस्टरचे बुश पुढच्या एक्सलला उलटा फिरवतात, म्हणजे पिनियनही जागेवर येतं. एका कामात दोन कामं. मागेही तसेच बुश घाला, कारण रस्त्यावर सतत फिरतो तो मागचा शाफ्ट. ट्रान्स्फर केसच्या टोकाला डबल कार्डन (दोन क्रॉस जॉइंट लागून असलेला) जॉइंट असेल तर मात्र गणित उलटं आहे. तिथे पिनियन शाफ्टच्याच रेषेत हवं, आणि कॅस्टर दुरुस्तीने ते बिघडतं. मग कॅस्टर थोडा कमी ठेवून मधला मार्ग काढावा लागतो. ट्रान्स्फर केस खाली उतरवणं हा उपाय नको, ज्या पोटासाठी खटाटोप चाललाय तेच पुन्हा खाली येतं.

कातळवाट:
खूप उपयोगी. दोन्ही शाफ्टना साधे क्रॉस जॉइंट आहेत, आणि कोनमापकाने मूळ स्थितीत दांडा-पिनियन समांतर दिसले. मग पुढे-मागे ऑफसेट बुश. आता नव्या शॉकच्या आकड्यांत मला एक शंका आहे: बंद लांबी ३५५ आणि माझा बम्प स्टॉप दबतो ३५०ला. ५ मिमीने काय बिघडेल?

नटबोल्ट:
शॉक बिघडेल. बम्प स्टॉप पूर्ण दबायच्या आधी शॉकचा पिस्टन तळाला आपटेल आणि गाडीचं सगळं वजन त्या दांड्यावर आणि वरच्या माउंटवर येईल. दांडा वाकतो, सील फुटतं, किंवा चासीवरचं ब्रॅकेट चिरतं. वर येण्याची हद्द नेहमी बम्प स्टॉपने ठरवायची, शॉकने नाही. शॉकमध्ये १० ते १५ मिमी शिल्लक हवी. म्हणून बम्प स्टॉपखाली २० मिमीचा धातूचा ठोकळा. मग तो ३७०ला थांबेल, शॉकला १५ मिमी उरतील, आणि चाल होईल ३७० ते ५७०, म्हणजे २०० मिमी. उभी लांबी ४७५ धरली तर वर १०५, खाली ९५. आधीच्या १६५पेक्षा ३५ मिमी जास्त, आणि तुमची हवेतली चाकं जमिनीवर आणणारे ते हेच ३५ मिमी.

पण कागदावर विसंबू नका. स्प्रिंग न घालता एक्सल फिरवून बघा. गाडी सपाट, टणक जमिनीवर, चासीखाली भक्कम स्टँड, स्प्रिंग काढलेल्या, नवे शॉक आणि ठोकळे बसवलेले, चाकं जागेवर. दोन जॅकने आधी दोन्ही बाजू सरळ वर, मग सरळ खाली, मग एक बाजू बम्प स्टॉपवर आणि दुसरी पूर्ण लोंबलेली, आणि मग उलट. वाकड्या स्थितीत शॉक तिरका होतो आणि त्याची लांबी सरळ स्थितीपेक्षा वेगळी येते, म्हणून दोन्ही मोजायच्या. प्रत्येक टोकाला स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि हे बघा: टायर कुठे घासतो, ब्रेकची नळी ताणते का, एबीएसची तार, पॅनहार्ड डिफरन्शियलच्या कव्हरला किंवा इंजिनाच्या सम्पला लागतो का, शाफ्टचा स्लाइड जॉइंट किती बाहेर आला.

ब्रेकची नळी हा सगळ्यात नाजूक मुद्दा. शॉक ५१५ऐवजी ५७०पर्यंत उघडतोय, म्हणजे एक्सल ५५ मिमी जास्त खाली जाणार. मूळ नळीत तेवढा ढिलेपणा बहुधा नसतो. एकतर नळी लांब घ्या, नाहीतर चासीवरचं तिचं ब्रॅकेट खाली आणा. पूर्ण लोंबून, पूर्ण वळवूनही नळीला झोळ राहिला पाहिजे. डिफरन्शियलच्या ब्रीदरची (हवा ये-जा होण्याची) नळी आणि हँडब्रेकची केबल याच वेळी तपासा. ब्रीदर निसटला तर पहिल्याच ओढ्यात डिफरन्शियलमध्ये पाणी जातं आणि तेल दुधासारखं पांढरं होतं.

मागच्या एक्सलला ब्रेकचा दाब वजनानुसार कमी-जास्त करणारा झडपेचा आर्म असेल तर तोही बघा. लिफ्ट केल्यावर त्याला वाटतं की गाडी कायम रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करून टाकतो. काम सुरू करण्याआधी त्या आर्मचा कोन मोजून ठेवा आणि लिंक किंवा ब्रॅकेट वाढवून तोच कोन परत आणा.

स्प्रिंग घालण्याचं काम त्यामानाने सोपं. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. काम सुरू करण्याआधी चारही कोपऱ्यांत हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा, नंतर तुलना याच आकड्यांशी करायची आहे. नळीची क्लिप, एबीएसच्या तारेची क्लिप, अँटी-रोल बारच्या (वळताना गाडी कलू न देणारी सळई) लिंक, शॉकचं खालचं टोक सोडवा, एक्सल जॅकवर सावकाश खाली घ्या. अडलं तर पॅनहार्डचं एक टोक सोडा. स्प्रिंगचं शेवटचं टोक बैठकीच्या खोबणीत टेकलंय हे बोटाने चाचपून बघा. संचात डाव्या-उजव्या स्प्रिंग वेगळ्या असतील तर त्यावरच्या खुणा पाळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेडियस आर्म आणि पॅनहार्डचे बुशाचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, चारही कोपरे दाबून दोन-तीनदा हलवा, आणि मग ठरलेल्या टॉर्कला आवळा. रबरी बुश आतल्या नळीला चिकटवलेला असतो. लोंबलेल्या स्थितीत आवळला तर गाडी उभी असतानाच तो पिळलेला राहतो आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. १०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा. ५०० किमीनंतर परत एकदा, आणि तेव्हाच चारही कोपऱ्यांची उंची आणि अलाइनमेंट, कारण नव्या स्प्रिंग तोवर थोड्या बसलेल्या असतात. हेडलाइटचा झोतही खाली घ्यायचा राहून जातो.

पाटेवाला:
धागा कॉइलचा आहे, तरी पाट्याच्या स्प्रिंगवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. लांब शॅकलने मिळणारी उंची शॅकलच्या वाढीच्या निम्मीच असते, ५० मिमी लांब शॅकल म्हणजे साधारण २५ मिमी. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल तर त्याने कॅस्टर जातो, तो पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये पाचर घालून परत आणावा लागतो. पुढच्या एक्सलवर उंचीचा ठोकळा कधीही नको, ब्रेक लागला की पाटा एस आकारात पिळतो आणि ठोकळा निसटू शकतो. यू-बोल्ट दरवेळी नवे घ्यायचे, एकदा ताणलेले पुन्हा तेवढे धरत नाहीत. आवळताना एकाआड एक कोपरा घ्या, आणि १०० किमीनंतर पुन्हा. एक पाटा वाढवून उंची मिळते, पण रेटही वाढतो आणि फ्लेक्स जातो. खडकासाठी जास्त कमानीचे, पातळ पाट्यांचे संच बरे.

उताराची_बाजू:
दोन गोष्टींवर माझं मत थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो.

ऑफसेट बुश बरेचदा पॉलियुरेथेनचे मिळतात. रेडियस आर्मच्या गाडीत एक्सल वाकडा होतो तेव्हा दोन आर्म एकमेकांविरुद्ध पिळतात, आणि तो पीळ बुशच सामावून घेतात. पॉलियुरेथेन कडक, त्यामुळे फ्लेक्स कमी होतो आणि एक्सलवरच्या ब्रॅकेटवर ताण येतो. रबराचे ऑफसेट बुश मिळाले तर तेच घ्या. पॉलियुरेथेनच घ्यावे लागले तर आर्मच्या एक्सलकडच्या टोकालाच घाला, चासीकडचा मोठा बुश रबराचाच राहू द्या.

दुसरं, अँटी-रोल बार. खडकात पुढचा बार सोडल्याने जेवढा फ्लेक्स मिळतो तेवढा कुठल्याही महागड्या शॉकने मिळत नाही. चटकन निघणाऱ्या पिनांच्या लिंक लावा, आणि लिफ्टएवढ्या लांब लावा, नाहीतर बारचा कोन बिघडतो. पण रस्त्यावर परत येताना तो जोडलाच पाहिजे. उंच आणि आखूड गाडी, वर विंचचं वजन, अशात बार नसताना अचानक वळवलं तर गाडी उलटू शकते. बार कायमचा काढून टाकावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

टायरची हवा हाही सस्पेन्शनचाच भाग आहे. रस्त्यावर २८ पीएसआय असेल तर खडकात १८पर्यंत उतरवा. टायर दगडाला लपेटून पकडतो आणि बारीक हादरे स्प्रिंगपर्यंत पोचतच नाहीत. मात्र वेग कमी ठेवायचा, आणि रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायरच्या कडा तापून फाटतात.

कातळवाट:
रबराचे बुश शोधतो. शेवटचा प्रश्न. लिफ्टनंतर ६०-७०च्या वेगात पुढचा एक्सल जोरात थरथरतो, स्टिअरिंग हातात राहत नाही, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. स्टिअरिंग डॅम्पर आधीच लावून ठेवू का?

मागेपुढे_आरी:
नको. डॅम्पर थरथर झाकतो, कारण तसंच राहतं, आणि डॅम्पर थकला की ती जास्त जोरात परत येते. सॉलिड एक्सलमध्ये ही थरथर ढिलेपणातून येते. लिफ्ट आणि जड टायर तो ढिलेपणा उघड करतात.

क्रमाने तपासा. आधी टायरचं बॅलन्सिंग, आणि चाकं पुढे-मागे बदलून फरक पडतो का ते. मग पॅनहार्डचे दोन्ही बुश आणि बोल्टची भोकं: गाडी चाकांवर उभी, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग झटक्याने थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून रॉडच्या टोकावर नजर ठेवायची. बोल्ट भोकात किंचितही हलताना दिसला तर तेच मूळ. भोक लांबट झालं असेल तर मोठा बोल्ट घालून भागवू नका, ब्रॅकेटवर नवी चकती वेल्ड करून घ्या. त्यानंतर किंगपिनचे (ज्यावर नकल वळतो तो खिळा) बेअरिंग: चाक जमिनीवरून उचला, वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवला तर एकाने ब्रेक दाबून ठेवायचा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. शिम (पातळ पत्रे) काढून बेअरिंगचा प्रीलोड (आवळलेपणा) वाढवायचा आणि स्प्रिंगच्या वजनकाट्याने नकल ओढून तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचा. टाय रॉड काढलेला असतानाच हे माप घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या बाजूचं वजनही त्यात येतं. टाय रॉड आणि ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट तेव्हा सुटेच असतात, तेही हाताने हलवून बघा.

लिफ्टच्या आधीच ही तपासणी करा. सगळे बुश एकदा उघडणारच आहात, तेव्हा पॅनहार्ड आणि किंगपिनचं काम त्यातच होऊन जाईल.